चूप राहण्याचे नऊ महिने

मासोळ्या पाहायला हैदराबादला जावं लागतं, हे आमच्या गावात अजून कोणाला पटलेलं नाही. अर्जुनी मोरगावला बसमधून उतरले की ओळखीचं कोणी ना कोणी भेटतं आणि विचारतं, "का व दुर्गे, नवेगावच्या बांधातल्या मासोळ्या सरल्या का?" बाबाही त्यातलेच. आमचे बाबा, टिकाराम, लेकीची फिरकी घेतल्याशिवाय त्यांना चहा गोड लागत नाही. "आमी मासोळी रांधून खातो, आमची पोरगी दुर्बिणीतून पाह्यते. आता पोट कोनाचं भरते, सांगा!"

मी दुर्गेश्वरी. एका संशोधन संस्थेत काम करते. बोटाच्या पेराएवढी एक पट्टेदार मासोळी असते, तिची अंडी आरपार दिसतात. आज सकाळी त्या अंड्यात एकच पेशी असते आणि उद्या सकाळी तिथं हृदय धडधडत असतं. प्रत्येक पेशीत जनुकं मात्र सगळी असतात. डोळ्याच्या पेशीत शेपटीची, हृदयाच्या पेशीत डोळ्याची. मग हृदय हृदयच कसं होतं? काही एन्झाइमं असतात. डीएनए ज्या प्रथिनांवर गुंडाळलेला असतो, त्यांच्यावर ती बारीक रासायनिक खुणा लावतात. खूण लागली की तिथलं जनुक बंद. हृदय घडताना ज्यांचं काम नाही त्यांनी मधे बोलायचं नाही. यातलंच एक एन्झाइम बंद पाडायचं आणि अंड्यांचं काय होतं ते टिपून ठेवायचं, हे माझं सहा वर्षांचं काम. हृदय वाकडं होतं, शेपूट वळते, बहुतेक पिल्लं पाचव्या दिवशी मरतात. असं मी हजारदा पाहिलं होतं आणि एकदाही माझं जेवण त्यामुळे राहिलं नव्हतं, खोटं कशाला सांगू.

मला बाई म्हणणारा माझा धाकटा भाऊ हेमेंद्र गावातच शेती करतो, आणि मोरगावच्या रस्त्यावर त्याचं खतं-बियाण्यांचं दुकान आहे. त्याची बायको रीता बिरसीची. तिथं विमान चालवायला शिकवतात. शिकाऊ पोरांची छोटी विमानं दिवसभर घरांवरून घोंघावत असतात, त्यामुळे बिरसीचं माणूस बोलतंच मोठ्यानं, असं तीच सांगायची. लग्नात नाव घे म्हटल्यावर सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असं म्हणाली होती,

"बिरसीच्या आभाळात विमान मारते चक्कर,
हेमेंद्ररावांच्या चहात मीच घालते साक्कर!"

बाबा खुर्चीतून पडता पडता वाचले. आई मात्र त्याच दिवशी कपाळाला आठी घालून बसली. आमच्या आईचं, सुशिलाबाईंचं, सुनेशी पहिलं आणि शेवटचं वाक्य एकच असायचं. "चूप राय ना व." रीता दोन मिनिटं चूप राहायची, मग तिला काहीतरी आठवायचं आणि ती पुन्हा सुरू. मला ती फार आवडायची. मी फटकळ आहे, ती मोकळी होती. यातला फरक मला उशिरा कळला.

त्यांची पहिली मुलगी खुशी. जन्मली तेव्हा रडली नाही, नुसती कण्हली. अंग कापसासारखं सैल, भुवया जुळलेल्या, दूध ओढायची ताकद नाही. नागपूरच्या डॉक्टरांनी छातीला यंत्र लावून सांगितलं की हृदयाच्या मधल्या भिंतीला मोठं छिद्र आहे. एक ऑपरेशन झालं. चौदा महिने ती जगली. मान धरायला अकराव्या महिन्यात शिकली, आणि रीतानं त्या दिवशी मला व्हिडिओ कॉल करून एवढ्या जोरात सांगितलं की प्रयोगशाळेतल्या सगळ्यांनी माना वर केल्या. एप्रिलमध्ये तिच्या छातीत कफ भरला आणि तीन दिवसांत ती गेली. तिचे इवलेसे पायमोजे कितीतरी दिवस दोरीवरच होते, काढायचे कोणी?

ती जाऊन दहा दिवस झाले नाहीत तोच आईचं सुरू झालं. रीता पोटुशी असताना ग्रहण लागलं होतं. त्या दिवशी तिनं ब्लाऊजला हूक लावले होते. सुई टोचली म्हणून लेकराच्या काळजाला भोक पडलं. आई हे शेजारच्या पुष्पाबाईला सांगायची, दूधवाल्याला सांगायची, आणि मुख्य म्हणजे रीता ऐकेल अशा बेतानं सांगायची. हेमेंद्रनं मला फोनवर सांगितलं, "बाई, रीतानं शिलाई मशीनच विकून टाकली." ते ऐकून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

माझ्याकडे आईच्या तोंडावर मारायला कागद येणार होता. खुशी असतानाच तिचं, रीताचं आणि हेमेंद्रचं रक्त तपासायला पाठवलं होतं. मे महिन्यात अहवाल आला. मी तो उघडला आणि जनुकाचं नाव वाचून खुर्चीत बसूनच राहिले. माझ्याच एन्झाइमचा सख्खा भाऊ. ज्या घराण्याला मी सहा वर्षं मासोळ्यांमध्ये बंद पाडत होते, त्यातलंच एक माझ्या भाचीत अर्धं बंद होतं. आई-बापाच्या रक्तात तो बदल नव्हता, नव्यानंच झाला होता. असा बदल कोणाच्याही हातून होत नाही, होऊन जातो. त्या दिवशी पहिल्यांदा माझं जेवण राहिलं. पण दुसऱ्या दिवशी मी सुट्टी टाकली आणि गाडीत बसले. खुशीला तर मी परत आणू शकत नव्हते. रीताला त्या सुईतून तरी सोडवणार होते.

दुपारी सगळ्यांना ओसरीवर बसवलं. आई सूप घेऊन तांदूळ निवडत होती, तिलाही सूप खाली ठेवायला लावलं. मी समजावायला बसले की मला थांबवणं कठीण. मी सांगितलं, की प्रत्येक जीव घडताना आत एक चूप करणारं असतं. हृदय घडत असताना बाकीच्यांना ते म्हणतं, तू चूप राय. खुशीमध्ये ते चूप करणारंच कमी पडलं. ज्यांनी चूप राहायचं होतं ते बोलत राहिले. म्हणून भिंत भरली नाही, म्हणून भोक राहिलं. सुईचा आणि ग्रहणाचा काडीचाही संबंध नाही.

बाबा म्हणाले, "म्हंजे आपल्या घरासारखंच. एकानं तरी चूप करणारं पायजे."

"तसंच," मी म्हणाले. स्वतःवर खूश होते मी. इतक्या अवघड गोष्टीला इतका सोपा शब्द सापडला म्हणून खूश होते.

रीता खांबाला टेकून बसली होती. तिनं एकच विचारलं. "बाई, ते भिंत भरायचं, कोनत्या महिन्यात होते?"

"दुसऱ्या महिन्यात," मी सांगितलं. "तेव्हाच काय ते ठरतं."

तिनं मान हलवली आणि आत जाऊन चहा ठेवला. आई त्यानंतर सुईचं पुन्हा बोलली नाही. मी विजयी होऊन हैदराबादला परतले.

दिवाळीच्या आसपास हेमेंद्रचा फोन आला, रीताला दिवस गेले होते. मी तिला फोन केला, तिनं उचलला नाही. संदेश आला, "बरी आहे बाई. तुम्ही कशा आहात?" पुन्हा केला, पुन्हा संदेश. मला वाटलं, रागावली असेल. भाचीला न वाचवू शकलेल्या शिकलेल्या नणंदेवर राग असणं साहजिकच होतं. मी नागपूरला तिची तपासणी ठरवून दिली. गर्भाभोवतीचं पाणी काढून तो बदल आहे का ते पाहतात. अहवाल स्वच्छ आला, या बाळात तो बदल नव्हता. मी रडत रडत फोन केला. हेमेंद्रनं उचलला. "तिले सांग," मी म्हणाले. तो म्हणाला, "सांगलो बाई. मान हालवली. बोलतच नाही आताशा. माय म्हनते शहाणी झाली." मला ते खटकलं. पण दुःख एकेकाचं एकेक असतं, असं मनाला सांगून मी पुन्हा कामाला लागले.

सातव्या महिन्यात ओटी भरायला मी गेले. रीता हिरव्या साडीत पाटावर बसली होती. पोट छान पुढं आलेलं, चेहरा मात्र ओढलेला. बायका जमल्या, ओटी भरून झाली, आणि पुष्पाबाईनं आवाज दिला, "चाल व रीता, आता नाव घे. तुह्यासारखं नाव गावात कोनी घेत नाही."

रीतानं मान हलवली. नाही.

"लाजून राह्यली का? दुसऱ्या खेपेले?"

बायका हसल्या, मागं लागल्या. कोणी टाळ्या पिटायला लागलं, कोणी बिरसीच्या विमानाची आठवण करून दिली. रीतानं ओठ इतके घट्ट मिटले की पांढरे पडले. दोन्ही हात तिनं पोटावर ठेवले होते, कोणी ओढून नेईल असे. तिचे डोळे भरून आले आणि ती माझ्याकडे बघायला लागली. रागानं नव्हे, मदतीला ये म्हणून. मी तिला हात धरून उठवलं आणि आतल्या खोलीत नेलं.

"काय झालं रीता? कोणी काही बोललं का?"

तिनं उशाखालचा मोबाइल काढला आणि टाइप करून माझ्यासमोर धरला. "तुम्हीच सांगलं होतं ना बाई. चूप रहायला पायजे म्हणून."

मला काही कळेना. तिनं पुन्हा लिहिलं. तिला लिहायला वेळ लागत होता आणि मी प्रत्येक अक्षर येताना बघत होते.

"खुशीच्या वेळी दुसरा महिना होता. धानाची रोवणी चालू होती. माह्या भावाचं लग्न होतं आणि तुमची माय जाऊ देत नव्हती. मी खूप भांडलो. सारं गाव गोळा झालं होतं. माय सांगून राह्यली होती चूप राय, पोटातलं लेकरू आईकते. मी चूप नाही राह्यलो."

आणि मग, "या वेळी माहीत पडलं त्या दिवसापासून एक शब्द नाही बोललो."

मी खाली बसले. मला आधी वाटलं, ही थट्टा आहे. मग ओसरीवरची ती दुपार आठवली, बाबांचं वाक्य आठवलं, आणि त्याला मी म्हणालेलं "तसंच" आठवलं. सुईच्या आरोपातून तिला सोडवायला मी आले होते आणि जिभेच्या आरोपात अडकवून गेले होते. आईचा शब्द निदान आईचा होता, एखाद दिवशी तिनं तो झटकूनही टाकला असता. माझ्या शब्दावर प्रयोगशाळेचा शिक्का होता.

मी बोलायला लागले. हात धरून, आर्जवं करून, शेवटी ओरडून. म्हटलं, "ते तोंडाचं बोलणं नाही गं! ती फक्त म्हणायची पद्धत. मासोळ्यांमध्येही हेच होतं. मासोळी कुठं सासूशी भांडते?"

तिनं लिहिलं, "मासोळी चूपच रायते बाई."

म्हटलं, "या बाळाचा अहवाल चांगला आलाय. तो बदल नाहीच यात. तू बोल, गा, शिव्या दे, काहीही होणार नाही."

"तपासणी झाली तेव्हाबी चूपच होतो."

म्हटलं, "खुशीत तो बदल अगदी पहिल्या पेशीतच होता. तुला दिवस गेल्याचं कळलंही नव्हतं तेव्हा. भांडण नंतरचं. रीता, भांडणाआधीच ते झालं होतं."

यावर तिनं मोबाइल मांडीवर ठेवला. मला वाटलं, पटलं. मग तिचं बोट हललं. "तुमचं खरंबी असन. पण बोललो आन काही झालं तं?"

दोन महिने राहिले होते. तिनं गमवायचं काय होतं, तर फक्त बोलणं. एका लेकरासमोर ते कोणती आई जास्त मोजेल?

मी बाहेर येऊन आईला आणि हेमेंद्रला सांगितलं. मला वाटलं होतं आई म्हणेल, चूप राहून कोणाचं वाईट झालंय? आई उठली, खोलीत गेली आणि रीतासमोर जमिनीवर बसली. आयुष्यात कधी ती सुनेपुढं अशी बसली नव्हती. म्हणाली, "मी खोटं बोललो पोरी. लेकरू गेल्यावर मले कोनावर तरी राग काढाचा होता. सुईबी खोटी, लेकरू आईकते म्हनलो तेबी खोटं. बोल ना व. मले शिव्या दे, पण बोल." रीतानं पुढं वाकून आपला हात आईच्या तोंडावर ठेवला आणि दुसऱ्या हातानं पोटाकडे खूण केली. पोटातलं लेकरू ऐकेल, तेवढ्या जवळ येऊन आईनं रडू नये, असं तिला म्हणायचं होतं. हेमेंद्र दारात उभा होता, तो तिथूनच दुकानात निघून गेला.

जुलैमध्ये गोंदियाच्या दवाखान्यात मुलगी झाली. कळा देताना रीता ओरडली नाही. नर्सनं नंतर हेमेंद्रला सांगितलं की तिनं पदराचा बोळा दातात धरून ठेवला होता आणि तो फाटला. मुलीनं मात्र जन्मल्याबरोबर असा टाहो फोडला की दोन वॉर्डांत ऐकू गेला. मी चौथ्या दिवशी पोचले. बाबा बाहेर बाकावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला पेढे देत होते आणि प्रत्येकाला सांगत होते, "बिरसीच्या वळणावर गेली आमची नात." आईनं मला बघितलं आणि माझे दोन्ही हात धरून मला खोलीच्या दाराशी नेलं. रीता अजून बोलली नव्हती. मी आले की ती बोलेल, असं सगळ्यांना वाटत होतं.

मी आत गेले. रीता खाटेवर उशीला टेकून बसली होती, मुलगी तिच्या मांडीवर. मी दार ओढून घेतलं. तिनं घसा खाकरला. नऊ महिने न वापरलेला तो आवाज खरखरत आला, इतका बारीक की मला पुढं वाकावं लागलं.

"पाहून घ्या बाई. तुमाले समजते."

मी मुलीला उचललं. मान पाहिली, हात-पाय ताणून पाहिले, भुवया पाहिल्या. तळहाताशी बोट नेलं तर तिनं ते घट्ट धरलं. डॉक्टरांचा कागद उशालगतच होता, हृदयाची तपासणी झालेली, सगळं व्यवस्थित.

"चांगली हाये?"

"एकदम चांगली."

"कारजात भोक?"

"नाही. भिंत पूर्ण भरली आहे." मला हसूही येत होतं आणि रडूही. "बोललीस तू रीता! आता बोल, कितीही बोल."

ती हसली नाही. तिनं मुलगी परत मांडीवर घेतली, दुपट्याचं टोक सारखं केलं आणि मग माझ्याकडे पाहिलं. इतक्या महिन्यांत असं सरळ तिनं कोणाकडे पाहिलं नसेल.

"म्हंजे खुशीले मीच मारलो ना, बाई."

"नाही," मी म्हणाले. "नाही गं. नाही." मी तिला पुन्हा पहिल्या पेशीचं सांगितलं, नव्यानं झालेल्या बदलाचं सांगितलं, शंभर आयांमधल्या कोणाच्याही पोटात तो होऊ शकला असता हे सांगितलं. ती ऐकत होती. लहान पोर अडखळत वाचत असताना मास्तर जसा ऐकतो, तसं धीरानं ऐकत होती.

"खोटं कायले बोलता, बाई?" ती म्हणाली, आणि मुलीच्या तोंडावरचं दुपटं मला नीट दिसावं म्हणून बाजूला केलं. "हे पाहा ना."